बाळाच्या हृदयात साधी गाठ आढळल्यास: गोव्यातील पालकांसाठी मार्गदर्शन

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी करताना डॉक्टर अचानक गप्प होतात, पडद्यावरचा तोच एक भाग पुन्हा पुन्हा मोजतात आणि अखेरीस ‘फीटल इको करून घ्या’, म्हणजे पोटातील बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करा, एवढेच लिहून देतात. या विषयाशी अनेक पालकांची पहिली गाठ अशी पडते. काहींच्या बाबतीत ती जन्मानंतर पडते. बाळाच्या छातीत आवाज ऐकू येतो म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो आणि अहवालात ‘ट्यूमर’ हा शब्द वाचल्याबरोबर घरात कर्करोगाची चर्चा सुरू होते. म्हणून आरंभीच नोंदवतो की मुलांच्या हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी अत्यंत दुर्मिळ असतात आणि त्यांतील सुमारे ९० टक्के गाठी साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. मात्र ‘साधी’ हा शब्द केवळ पेशींविषयी आहे. नवजात बाळाचे हृदय त्याच्याच मुठीएवढे असते; त्यात एखादी छोटी गाठ झडपेच्या तोंडाशी बसली तर रक्ताची वाट अडते, आणि तिच्यापेक्षा दुप्पट मोठी गाठ भिंतीत रुतून बसलेली असताना बाळ खुशाल दूध पीत असते. त्यामुळे गाठ केवढी आहे यापेक्षा ती कोठे आहे, काय अडवते आहे आणि ठोक्यांची लय बिघडवते आहे का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना प्रथम विचारावेत.

गाठ खरोखरच आहे का?

हा प्रश्न अनेकजण विचारायचे विसरतात. गर्भाच्या हृदयात एखादा चमकदार पांढरा ठिपका दिसणे ही बऱ्यापैकी नेहमीची गोष्ट आहे. तो बहुधा झडपेला आधार देणाऱ्या छोट्या स्नायूतील कॅल्शियमचा कण असतो आणि अहवालात त्याला ‘इकोजेनिक फोकस’ म्हणतात. ती गाठ नव्हे. उजव्या कप्प्यातील काही जन्मजात पडदे आणि स्नायूंचे पट्टेही न सरावलेल्या डोळ्याला गाठीसारखे भासतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या आणि मोठ्या शिरेतून नळी घातलेल्या बाळाच्या हृदयात रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि तिचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत. म्हणून पहिला अहवाल हाती आल्यावर दुसरे काही करण्यापूर्वी लहान मुलांच्या हृदयाचा इको नियमितपणे करणाऱ्या तज्ज्ञाकडून तो पुन्हा करून घ्यावा. मोठ्या माणसांचे हृदयविकारतज्ज्ञ कितीही निष्णात असले तरी अर्भकाचा इको हे निराळे कौशल्य आहे, आणि त्यांच्यापैकी बरेचजण स्वतःच तसे सांगतात.

गर्भावस्थेतच गाठ दिसली असेल तर साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी फीटल इको करून गाठीची वाढ, हृदयाभोवती किंवा बाळाच्या अंगात पाणी साचते आहे का आणि ठोके नियमित आहेत का, हे पाहिले जाते. सर्वांत अधिक आढळणारी गाठ शेवटच्या महिन्यांत आईच्या संप्रेरकांच्या प्रभावामुळे वाढते, असे मानले जाते, त्यामुळे आठव्या महिन्यात आकार वाढलेला पाहून धीर सोडू नये. प्रसूती मात्र गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये न करता नवजात अतिदक्षता विभाग आणि इकोची सोय असलेल्या इस्पितळात होईल अशी व्यवस्था सातव्या महिन्यातच ठरवावी. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून कळा सुरू झाल्यावर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठण्यापेक्षा आठवडाभर आधी पणजीच्या आसपास नातेवाइकांकडे येऊन राहणे बरे, विशेषतः पावसाळ्यात. गर्भपाताचा प्रश्न काही कुटुंबांपुढे उभा राहतो. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढील गंभीर गर्भदोषांबाबतचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. परंतु तेथे जाण्यापूर्वी जनुकीय समुपदेशकाशी बोलणे झालेले असावे, कारण खरा प्रश्न बहुधा हृदयाचा नसून पुढे वर्णन केलेल्या आजाराचा असतो.

तपासण्या कोणत्या क्रमाने होतात

टूडी इको, ईसीजी आणि २४ तासांचे होल्टर (दिवसभर ठोक्यांची नोंद ठेवणारे यंत्र) या तीन तपासण्यांवर बहुतेक निदान उभे राहते. इकोच्या वेळी बाळ शांत असणे आवश्यक असते. तासभर आधी पाजलेले, पोट भरून झोपलेले बाळ आईच्या मांडीवर असले तर गुंगीच्या औषधाविनाच काम होते; गार जेल छातीला लागताच ते दचकून उठते, म्हणून ट्यूब आधी हातात धरून कोमट करायला सांगण्यात संकोच करू नये. गुंगीचे औषध द्यावेच लागणार असेल तर किती तास उपाशी ठेवायचे हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. होल्टरच्या तारा लावलेल्या दिवशी बाळाला न्हाऊ घालता येत नाही आणि बाळाचे रडणे, पाजणे व झोपणे यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवल्या तर अहवाल वाचणाऱ्याला मोठी मदत होते.

इकोवरून प्रकार निश्चित होत नसेल तर हृदयाचा एमआरआय करतात. अर्भकाला त्यासाठी बहुधा भूल लागते, म्हणून ‘सर्वच करून टाकू’ या हौसेने तो करू नये. उत्तर बदलणार असेल तरच करावा. गाठीचा तुकडा काढून तपासणे मुलांमध्ये क्वचितच आवश्यक असते. धडधडत्या अर्भकाच्या हृदयातून तुकडा काढणे जोखमीचे आहे आणि गाठीचे स्थान, संख्या, बाळाचे वय व एमआरआयमधील चित्र एकत्र पाहिल्यास तिचे नाव बहुतेक वेळा उलगडते.

रॅब्डोमायोमा: विरणारी गाठ

नवजात बाळांमध्ये आणि अर्भकांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे रॅब्डोमायोमा. ती हृदयाच्या स्नायूपेशींचीच बनलेली असते, बहुधा एकाहून अधिक असते, खालच्या कप्प्यांच्या भिंतींत किंवा मधल्या पडद्यात बसते आणि इकोमध्ये आजूबाजूच्या स्नायूपेक्षा किंचित उजळ, एकसारख्या पोताची दिसते. तिचे वैशिष्ट्य असे की जन्मानंतर ती आपोआप लहान होऊ लागते. अनेक मुलांमध्ये पहिल्या वर्षातच फरक दिसतो आणि पुढील काही वर्षांत बहुतेक गाठी अगदी छोट्या होतात किंवा दिसेनाशा होतात. बाळ दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, ठोके नियमित असतील आणि रक्ताची वाट मोकळी असेल तर योग्य उपचार म्हणजे वाट पाहणे. ‘डॉक्टर काहीच करत नाहीत’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. पण येथे काहीच न करण्याचा निर्णय इको आणि ईसीजीच्या आधारे दर भेटीला नव्याने घेतला जातो.

आता या लेखातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. हृदयात अनेक रॅब्डोमायोमा असलेल्या बहुसंख्य बाळांना ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जनुकीय आजार असतो. साधारण ६,००० जन्मांमागे एका बाळात आढळणाऱ्या या आजारात मेंदू, त्वचा, मूत्रपिंडे आणि डोळे यांतही गाठी किंवा खुणा होतात. टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकांपैकी एकात बिघाड झाल्याने पेशींच्या वाढीवरचा लगाम सुटतो. सुमारे दोन तृतीयांश मुलांमध्ये हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, म्हणजे आईवडिलांकडून आलेला नसतो, आणि गरोदरपणात आईने काय खाल्ले किंवा ग्रहण पाहिले का, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पालकांपैकी एकाला आजार असल्यास पुढच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघेही निरोगी असले तरी ती एक-दोन टक्के उरते. म्हणून आईवडिलांची त्वचा व गरजेप्रमाणे जनुके तपासल्याखेरीज दुसऱ्या मुलाचा विचार करू नये.

हृदयातली गाठ बहुधा विरते. मेंदूकडे मात्र त्या काळात कोणाचे लक्ष नसते, आणि खरी हानी तेथेच होते. त्यामुळे रॅब्डोमायोमाचे निदान झालेल्या बाळाला हृदयरोगतज्ज्ञाइतकीच मेंदूविकारतज्ज्ञाची भेट लवकर मिळाली पाहिजे, मग बाळ वरकरणी कितीही चांगले दिसो.

घरी करता येण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे त्वचेची पाहणी. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी आजी किंवा बाई ते अंग रोज पाहत असते. डॉक्टरांच्या आधी तिच्या लक्षात एखादा फिकट डाग आलेला असतो, पण तिला कोणी विचारत नाही. हे डाग एका टोकाला गोलसर आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या पानासारखे, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट आणि अगदी सपाट असतात. ते खाजत नाहीत, त्यांवर पापुद्रा धरत नाही आणि ते कोडही नव्हे. गोऱ्या बाळावर ते उघड्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पचा जांभळट प्रकाश टाकल्यावर पाठीवर किंवा मांडीवर पांढरे पान उमटल्यासारखे एकाएकी दिसते. किमान ५ मिलिमीटरचे असे तीन किंवा अधिक डाग हा निदानातील एक प्रमुख निकष आहे. एखाद-दुसरा डाग कोणाच्याही अंगावर असू शकतो.

दुसरी गोष्ट झटक्यांची. पहिल्या वर्षात, बहुधा तिसऱ्या ते आठव्या महिन्याच्या दरम्यान, या बाळांना एक विशिष्ट प्रकारची आकडी येऊ शकते, जी आकडीसारखी दिसतच नाही. झोपेतून उठल्यावर बाळ क्षणभर मान खाली घालते, हात पुढे फेकते, गुडघे पोटाशी घेते, सैल पडते आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच करते. अशी दहा-वीस आवर्तने ओळीने होतात आणि मग ते रडते. ‘पोटात मुरडा येतो हो, म्हणून पाय वर घेते,’ असे सांगत एक आजी तीन आठवडे हिंगाचा लेप लावत होत्या. त्यांचा दोष नव्हता. त्या आधी जेथे गेल्या होत्या तेथे पोटदुखीचेच थेंब लिहून दिले गेले होते. मुरड्याने रडणारे बाळ सलग आळोखेपिळोखे देते, तर हे झटके तुटक आणि एकसारखे असतात. असे काही दिसल्यास मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करावे आणि त्याच दिवशी ते डॉक्टरांना दाखवावे. निदान ईईजीने, म्हणजे मेंदूतील विजेच्या आलेखाने, होते आणि या आजारातील अशा झटक्यांवर विगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. उपचार लवकर सुरू झाल्यास मुलाच्या वाढीचे नुकसान कमी होते. म्हणूनच झटके सुरू होण्याची वाट न पाहता पहिल्या महिन्यांत ठरावीक अंतराने ईईजी करण्याचा सल्ला दिला जातो. झटक्यांसाठी कधी कधी दिल्या जाणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी हृदयातील गाठ वाढल्याच्या नोंदी आहेत. ते सुचवले गेल्यास हृदयाची गोष्ट आवर्जून सांगावी.

याच्या जोडीला मेंदूचा एमआरआय, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, रक्तदाब आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी लागते.

वाट पाहणे पुरेसे नसते तेव्हा

बाळ पिताना मध्येच थांबून धापा टाकते, कपाळावर घाम येतो, शांत झोपेतही श्वास मिनिटाला ६० हून अधिक होतात, वजन वाढत नाही, ओठ व जीभ निळसर होते किंवा छातीवर हात ठेवल्यावर ठोके मोजताच येऊ नयेत इतके वेगाने लागतात, ही लक्षणे दिसताच १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठावे. आपल्याकडे महत्त्वाच्या कामाआधी देवाचा कौल घेण्याची रीत आहे आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी कोणी तो घेतला तर माझी हरकत नाही. निळ्या पडलेल्या बाळाबाबत मात्र कौल नंतर घ्यावा.

फुप्फुसाकडे किंवा शरीराकडे जाणारी वाट जन्मतःच अडलेली असेल तर जन्मापूर्वीची रक्तनलिका उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे सलाइन लावतात. त्याने वेळ मिळतो. त्यानंतर दोन मार्ग असतात. पहिला शस्त्रक्रियेचा, ज्यात रॅब्डोमायोमाच्या बाबतीत संपूर्ण गाठ काढण्याचा हट्ट धरला जात नाही. वाट मोकळी होईल एवढाच भाग काढतात, कारण उरलेला विरणारच असतो. दुसरा एव्हरोलिमस या औषधाचा, जे पेशींच्या वाढीचा सुटलेला लगाम पुन्हा आवळते. हृदयातील गाठीसाठी त्याला स्वतंत्र मान्यता नसली तरी धोकादायक गाठी त्याने काही आठवड्यांतच लहान झाल्याचे अनुभव अनेक देशांतून प्रसिद्ध झाले आहेत. औषध बंद केल्यावर गाठ काही काळ पुन्हा वाढू शकते, त्यामुळे ते स्वतःहून थांबवू नये.

एव्हरोलिमस चालू असताना घरी काही पथ्ये पाळावी लागतात. तोंडात फोड येतात, संसर्ग लवकर होतो आणि रक्तातील चरबी वाढू शकते. रक्तातील औषधाचे प्रमाण वेळोवेळी मोजावे लागते. आकडीची काही जुनी औषधे ते प्रमाण खाली आणतात, तर क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरील काही औषधे ते वर चढवतात. म्हणून सर्दी-तापासाठीसुद्धा फार्मसीतून परस्पर औषध आणू नये. जिवंत जंतूंच्या लशींबाबतही सावध राहावे. आपल्या लसीकरणात बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस आणि गोवर-रुबेला या त्यांतील प्रमुख लशी होत. आरोग्य केंद्रात लस देणाऱ्या सिस्टरना औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवावी आणि तज्ज्ञांनी सांगितल्याखेरीज या लशी घेऊ नयेत. बाकीच्या मात्र चुकवू नयेत.

ठोक्यांच्या बिघाडावरील औषधांत एक बारकावा आहे. रॅब्डोमायोमा असलेल्या काही बाळांच्या हृदयात विजेचा आडमार्ग तयार झालेला असतो, ज्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. अशा बाळांमध्ये डिगॉक्सिन व व्हेरापामिल घातक ठरू शकतात. ईसीजीवर ही तीन अक्षरे लिहिलेली असतील तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ती उतरवून ठेवावीत.

न विरणाऱ्या गाठी

फायब्रोमा ही दुसऱ्या क्रमांकावर आढळणारी गाठ. ती बहुधा एकटीच असते, डाव्या कप्प्याच्या भिंतीत किंवा मधल्या पडद्यात असते आणि तिच्या मध्यभागी कॅल्शियम साचलेले दिसते. ती आपोआप विरत नाही. तिचा मुख्य धोका म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारी घातक लय. मूल धडधाकट दिसत असताना बेशुद्ध पडणे हे पहिलेच लक्षण असू शकते. म्हणूनच त्रास नसतानाही अनेक तज्ज्ञ ती काढण्याचा सल्ला देतात. येथे ‘अजून थांबू या’ हा रॅब्डोमायोमाचा नियम लावणे चूक आहे, आणि दोन कुटुंबांनी एकमेकांचे अनुभव ऐकून निर्णय घेण्यातला धोका नेमका येथे असतो. फायब्रोमा असलेल्या काही थोड्या मुलांना गोर्लिन सिंड्रोम हा जनुकीय आजार असतो, तेव्हा त्याचीही चौकशी करावी.

मिक्सोमा अर्भकांत विरळ, मोठ्या मुलांत अधिक. ती बहुधा डाव्या वरच्या कप्प्यात देठावर लोंबकळते, तिचे तुकडे सुटून मेंदूत जाऊ शकतात, म्हणून तिची शस्त्रक्रिया फारशी लांबवत नाहीत. हृदयाच्या आवरणातील टेराटोमा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुळाशी असतो आणि हृदयाभोवती पाणी साचवून ते दाबतो. पाणी काढल्याने बाळ तात्पुरते सावरते, मग गाठ काढावी लागते आणि निकाल सहसा चांगला असतो. रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हेमँजिओमा, काही वेळा प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधांनी लहान होते.

गोव्यातील व्यवस्था कशी लावावी

सुरुवात बांबोळीच्या गोमेकॉतील बालरोग विभागातून करावी. तालुक्याच्या आरोग्य केंद्राची किंवा म्हापसा व मडगावच्या जिल्हा इस्पितळांची चिठ्ठी सोबत असल्यास सोयीचे जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः असलेल्या हृदयदोषांचा समावेश आहे, तेव्हा अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या त्या पथकाकडेही नोंद करावी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, त्यासाठी गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. बाळाचे नाव योजनेच्या कार्डावर चढवलेले नसणे ही नेहमीची अडचण आहे. बारशाच्या धांदलीत जन्मदाखला राहून जातो, त्यामुळे कार्डावर नाव चढत नाही, आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर धावाधाव होते. शस्त्रक्रियेसाठी मुंबई किंवा बंगळुरूला जावे लागणार असेल तर योजनेची मंजुरी कोणत्या इस्पितळासाठी आणि कोणत्या खर्चासाठी आहे, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. नेण्याच्या फाइलमध्ये इकोच्या नुसत्या अहवालाऐवजी हलत्या चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह असावा. केवळ कागद पाहून कोणताही शल्यचिकित्सक निर्णय घेत नाही आणि मग सर्व तपासण्या पुन्हा होतात.

पुढील वर्षे

पहिल्या वर्षात भेटी वारंवार असतात. बाळ स्थिर असल्यास नंतर गाठ विरेपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी इको पुरतो. गाठ दिसेनाशी झाली म्हणजे हृदयाच्या ओपीडीत येणे बहुतेक कुटुंबे बंद करतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या मुलांचा ईसीजी मात्र त्यानंतरही दर तीन ते पाच वर्षांनी करायचा असतो, कारण गाठीच्या जागी उरलेला भाग लय बिघडवू शकतो आणि पौगंडावस्थेत क्वचित गाठ पुन्हा वाढल्याचेही आढळले आहे. मूल खेळाच्या स्पर्धेत उतरणार असेल तर त्याआधी एकदा तज्ज्ञाला दाखवावे. शाळेत छाती धडधडल्याची किंवा चक्कर आल्याची तक्रार त्याने केली, तर बाईंनी त्याला उन्हामुळे झाले असे सांगून सावलीत बसवून ठेवू नये म्हणून वर्गशिक्षिकेकडे एका कागदावर आजाराचे नाव, चालू औषधे आणि घरचा क्रमांक दरवर्षी शाळा सुरू होताच नव्याने देऊन ठेवावा.